शेवटचे प्रकरण डिस्कवर नव्हते

#थ्रेड

(रसभंगाची सूचना: पुढे ‘बॅटमॅन: आर्कम’ मालिकेतील आणि ‘स्पायडर-मॅन’च्या कथांचे शेवट उघड होतात.)

१/
ऑक्टोबर २०११ मध्ये ‘बॅटमॅन: आर्कम सिटी’ हा गेम प्रसिद्ध झाला. त्यात जोकरच्या अड्ड्यात, जुन्या स्टील मिलमध्ये, जमिनीवर एक लहानशी वस्तू पडलेली दिसते. ती गर्भधारणेच्या चाचणीची पट्टी असून तिचा निकाल होकारार्थी आहे. कोणतेही पात्र तिच्याविषयी एक शब्दही बोलत नाही. ज्याच्याकडे केवळ मूळ डिस्क आहे असा खेळाडू एकच निष्कर्ष काढील: हार्ली क्विन आई होणार आहे. गेमच्या अखेरीस जोकर मरतो. म्हणजे मूल पित्याविना जन्मणार, असे त्या खेळाडूच्या मनात पक्के होते.

२/
सात महिन्यांनी, मे २०१२ मध्ये, ‘हार्ली क्विन्स रिव्हेंज’ हे जादा प्रकरण आले. ते वेगळे पैसे मोजून डाउनलोड करायचे होते. त्याच स्टील मिलमध्ये आता अशा अनेक चाचण्या विखुरलेल्या दिसतात आणि त्यांचे निकाल नकारार्थी असतात. मूल नव्हते. पहिल्या पुराव्याचा अर्थ दुसऱ्या पुराव्याने फिरवला आणि तो दुसरा पुरावा डिस्कच्या बाहेर होता.

३/
इतिहासाच्या अभ्यासकाला ही अडचण नवी नाही. एकच कागद हाती असला म्हणजे निष्कर्ष ठाम वाटतो. दप्तरातला पुढचा कागद सापडला की तो डळमळतो. येथे मात्र पुढचा कागद कंपनीच्या सर्व्हरवर होता, त्याला किंमत होती, आणि तो दुकानात किती काळ राहील हे वाचकाच्या हाती नव्हते. सुपरहिरो गेमांच्या कथा-पुरवण्यांविषयी, म्हणजे ज्यांना सर्रास ‘डीएलसी’ म्हटले जाते त्यांच्याविषयी, बहुतेक वाद किमतीभोवती फिरतात. किमतीचा प्रश्न खराच आहे. पण कथेचा निर्णायक भाग अशा जागी ठेवला गेला की जिथून तो सर्वात आधी नाहीसा होतो, हा त्याहून मोठा प्रश्न आहे.

४/
थोडी पार्श्वभूमी. गेमला नंतर भर घालण्याची चाल इंटरनेटपूर्वीचीच. १९९८ मधील ‘स्टारक्राफ्ट: ब्रूड वॉर’ ही पुरवणी स्वतंत्र खोक्यात, सीडीवर, दुकानात मिळत असे. मूळ गेम असेल तरच ती चालायची, पण ती वस्तू होती. कपाटात ठेवता येत होती, मित्राला देता येत होती. २००२ मध्ये ‘एक्सबॉक्स लाइव्ह’ सुरू झाले आणि कन्सोलवर थेट माल पोहोचवण्याची वाट मोकळी झाली. २००६ मध्ये ‘ऑब्लिव्हियन’ गेमने घोड्याचे चिलखत अडीच डॉलरला विकले. त्या चिलखताची थट्टा अजून थांबलेली नाही. मात्र पुढल्याच वर्षी त्याच गेमला ‘शिव्हरिंग आइल्स’ ही भरघोस कथा-पुरवणी मिळाली. दोन टोके अशी: एकीकडे नुसता साज, दुसरीकडे खरी कथा. पुढचा सारा इतिहास या दोहोंमध्ये हेलकावे खात राहिला.

५/
मराठी वाचकाला यासाठी एक जुना शब्द जवळचा वाटेल. परंपरा हरिवंशाला महाभारताचे ‘खिल’ म्हणते. खिल म्हणजे मागून जोडलेली भर. पण पुण्याच्या भांडारकर संस्थेने महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केल्यावर हरिवंशाचीही चिकित्सक आवृत्ती काढली. भर आहे म्हणून ती बाजूला टाकली नाही. साम्य येथेच संपते. मात्र भर कोणती, मूळ कोणते आणि दोन्ही कसे जपायचे, हा प्रश्न दोन्हीकडे सारखाच आहे.

६/
‘आर्कम सिटी’तच दुसरे उदाहरण आहे आणि ते अधिक बोचरे आहे. या गेममध्ये कॅटवुमनची स्वतंत्र प्रकरणे मुख्य कथेत मधूनमधून गुंफलेली आहेत. नव्या प्रतीच्या खोक्यात एक कोड असे. तो एकदाच वापरता येई. जुनी प्रत विकत घेणाऱ्याला कॅटवुमन हवी असल्यास सुमारे दहा डॉलर वेगळे द्यावे लागत. उद्देश उघड होता: जुन्या गेमच्या खरेदीविक्रीत प्रकाशकाला काही मिळत नसे, ते मिळावे.

७/
त्या काळी ही युक्ती एकट्या वॉर्नर ब्रदर्सची नव्हती. ‘ऑनलाइन पास’ या नावाने ती अनेकांनी वापरली. ईए कंपनीने २०१० मध्ये ती आपल्या क्रीडा-गेमांत आणली आणि २०१३ मध्ये स्वतःच सोडून दिली. पण क्रीडा-गेममध्ये अडवला जात असे तो ऑनलाइन सामना. ‘आर्कम सिटी’ने अडवले ते एक पात्र आणि त्या पात्राची कथा. कादंबरी जुन्या पुस्तकांच्या दुकानातून आणली म्हणून तिची मधली पाने चिकटलेली निघावीत, तसा हा प्रकार. त्याचे समर्थन करणे कठीण आहे.

८/
आता ‘हार्ली क्विन्स रिव्हेंज’ची गुणवत्ता. प्रकरण लहान आहे, साधारण दोन तासांचे. जागा बहुतांशी तीच, शत्रू तेच. समीक्षकांनी त्यावर नाके मुरडली ती अकारण नव्हे. तरीही त्यात एक गोष्ट आहे जी मूळ गेममध्ये नाही: जोकरच्या मृत्यूनंतरचा काळ. मूळ गेम संपतो तेव्हा बॅटमॅन जोकरचे प्रेत हातांवर घेऊन तुरुंगाबाहेर येतो आणि पडदा पडतो. त्या मृत्यूचा त्याच्यावर काय परिणाम झाला हे पुरवणीत कळते. तो गप्प झाला आहे, सहकाऱ्यांना त्याची काळजी वाटते, आणि त्याला सोडवण्यासाठी रॉबिनला जावे लागते. खेळाडू आळीपाळीने दोघांच्या भूमिकेत असतो. नायक स्वतःच बंदी झाला आहे आणि शिष्य त्याला शोधतो आहे. ही उलटापालट मुख्य गेमच्या भव्यतेत कधीच बसली नसती.

९/
पुरवणी-प्रकरणाचे बळ याच ठिकाणी दिसते. मुख्य गेमवर साऱ्या शहराला वाचवण्याचे ओझे असते. पुरवणीला एका माणसाकडे पाहण्याची सवड मिळते. म्हणून तिला ‘उरलेसुरले’ म्हणून हिणवणे अन्यायाचे आहे.

१०/
‘कोल्ड, कोल्ड हार्ट’ हे त्याचे सर्वात चांगले उदाहरण. २०१३ चा ‘आर्कम ओरिजिन्स’ हा गेम रॉकस्टेडीने बनवला नव्हता. तो डब्ल्यूबी गेम्स मॉन्ट्रियलचा. एप्रिल २०१४ मध्ये त्याची ही कथा-पुरवणी आली. वर्षाखेरीची रात्र, वेन घराण्याच्या वाड्यात समारंभ, फेरिस बॉइल नावाच्या उद्योगपतीचा दानशूर म्हणून सत्कार, आणि त्यात मिस्टर फ्रीझचा हल्ला. हळूहळू उलगडते की बॉइलने व्हिक्टर फ्राइसला त्याच्या आजारी पत्नीला, नोराला, वाचवण्याचे आश्वासन दिले आणि मोडले. कथेचे मूळ १९९२ च्या बॅटमॅन कार्टून मालिकेतील ‘हार्ट ऑफ आइस’ या भागात आहे. तो पॉल डिनी यांनी लिहिला होता आणि त्या लेखनाला डेटाइम एमी पुरस्कार मिळाला. एकेकाळी निव्वळ गमतीचा वाटणारा खलनायक त्या भागाने शोकान्त पात्र केला. पुरवणीने तो वारसा नीट सांभाळला आहे.

११/
पण याच पुरवणीभोवतीची हकिकत फारशी शोभादायक नाही. ‘ओरिजिन्स’ प्रसिद्ध झाला तेव्हा त्यात बरेच दोष होते; कित्येकांचा खेळ मध्येच अडकून पडे. फेब्रुवारी २०१४ मध्ये स्टुडिओने जाहीर केले की चमू कथा-पुरवणीच्या कामात गुंतला आहे, त्यामुळे उरलेले दोष काढण्यासाठी आणखी पॅच देण्याचा बेत नाही. ज्यांनी मूळ गेमचे पैसे मोजले होते त्यांच्यापेक्षा पुढच्या विक्रीला अग्रक्रम मिळाला, आणि तो उघडपणे सांगितलाही गेला. प्रांजळपणाबद्दल गुण द्यावेत की कृतीबद्दल कापावेत, हा विचार वाचकांनी करावा.

१२/
त्याहून चमत्कारिक घटना निंटेंडोच्या ‘वी यू’ कन्सोलवर घडली. तेथील काही ग्राहकांनी ‘सीझन पास’ आधीच विकत घेतला होता. सीझन पास म्हणजे अजून तयार न झालेल्या पुरवण्यांचे एकरकमी आगाऊ पैसे. नंतर मागणी पुरेशी नसल्याचे कारण देऊन ‘कोल्ड, कोल्ड हार्ट’ वी यूवर काढणार नसल्याचे कळवण्यात आले आणि पासचे पैसे परत देण्याची सोय केली गेली. पैसे परत मिळाले, म्हणजे व्यवहार मिटला. कथा मात्र त्या यंत्रावर कधीच अवतरली नाही.

१३/
आता मिस्टर फ्रीझची सारी कथा एका ओळीत मांडून पाहावी. आरंभ: ‘कोल्ड, कोल्ड हार्ट’, पुरवणी, २०१४. मध्य: ‘आर्कम सिटी’, मूळ गेम, २०११; तेथे तो बॅटमॅनशी लढतो आणि हरवलेल्या नोराला शोधून देण्याची विनवणी करतो. शेवट: ‘आर्कम नाइट’ची डिसेंबर २०१५ मधील पुरवणी, ‘सीझन ऑफ इन्फमी’. तेथे नोरा शीतपेटीतून बाहेर येते आणि पुन्हा गोठून राहण्याऐवजी उरलेले थोडे दिवस व्हिक्टरच्या सोबतीने जगणे पत्करते. दोघे नावेतून निघून जातात. या मालिकेतील सर्वात करुण प्रेमकथेचा आरंभ आणि शेवट, दोन्ही पुरवण्यांत आहेत. डिस्कवर आहे तो फक्त मधला तुकडा.

१४/
अशा स्थितीत ‘मूळ गेम म्हणजे कलाकृती आणि पुरवणी म्हणजे ऐच्छिक जोड’ ही विभागणी टिकत नाही. ती विक्रीच्या सोयीसाठी केलेली आहे. कथेच्या अंगाने पाहिले तर फ्रीझची कथा एक आहे आणि ती तीन खरेद्यांत, दोन यंत्र-पिढ्यांच्या सांध्यावर विखुरलेली आहे.

१५/
‘आर्कम नाइट’च्या सीझन पासविषयी थोडक्यात सांगणे पुरे. जून २०१५ मध्ये आलेल्या साठ डॉलरच्या गेमवर चाळीस डॉलरचा पास, आणि तो प्रथम जाहीर झाला तेव्हा आत नेमके काय असेल याचे वर्णन अगदी मोघम. शिवाय हार्ली क्विन आणि रेड हूड यांच्या छोट्या कथा आगाऊ नोंदणीचे आमिष म्हणून वापरल्या गेल्या. संगणकावरील आवृत्ती इतकी सदोष निघाली की एक-दोन दिवसांतच तिची विक्री थांबवावी लागली. ती परत आली थेट ऑक्टोबरअखेरीस. जुलैत आलेले ‘बॅटगर्ल: अ मॅटर ऑफ फॅमिली’ हे प्रकरण या गदारोळात झाकोळले. बार्बरा गॉर्डन या मालिकेत प्रथमच खेळता आली. समुद्रातील तेलफलाटावर उभारलेल्या ओसाड करमणूक उद्यानात ती आपल्या पित्याला जोकरच्या तावडीतून सोडवते. कल्पना सुरेख, पण विस्तार तुटपुंजा. बॅटगर्लला याहून मोठी जागा मिळायला हवी होती.

१६/
दुसरी बाजूही ऐकली पाहिजे. मोठ्या गेमचे लेखक आणि कलाकार आपले काम प्रसिद्धीच्या कित्येक महिने आधी संपवतात. त्यानंतरचा काळ दोष काढणाऱ्यांचा असतो. पुरवणीमुळे त्या मंडळींना त्याच जगात काम करत राहता येते. शहर बांधलेले असते, हालचाली बसवलेल्या असतात. अल्प खर्चात धाडसी कथा सांगता येते. पुरवणी म्हणजे आधी कापून ठेवलेला तुकडा असा सरसकट आरोप म्हणूनच चुकीचा ठरतो. कॅटवुमनच्या बाबतीत त्यात तथ्य आहे, फ्रीझच्या बाबतीत नाही.

१७/
२०१८ च्या ‘मार्व्हल्स स्पायडर-मॅन’ने हे गणित बऱ्यापैकी प्रामाणिकपणे सोडवले. इन्सोम्निॲक गेम्सचा हा गेम सप्टेंबरात आला आणि ‘द सिटी दॅट नेव्हर स्लीप्स’ ही तीन भागांची पुरवणी ऑक्टोबर, नोव्हेंबर व डिसेंबर अशी ओळीने आली: ‘द हाइस्ट’, ‘टर्फ वॉर्स’, ‘सिल्व्हर लायनिंग’. प्रत्येकी दहा डॉलर, तिन्ही एकत्र पंचवीस. किती भाग, कोणत्या महिन्यात, हे आधी सांगितले होते आणि तसेच घडले. मासिकातल्या क्रमशः कादंबरीची गोडी तिला होती. प्रत्येक भाग टांगणीला लावून संपे आणि पुढल्या महिन्याची वाट पाहावी लागे.

१८/
पण येथेही तोच पेच. मुख्य गेममध्ये युरी वातानाबे ही पोलीस कॅप्टन स्पायडर-मॅनची विश्वासू सहकारी आहे. शिस्तीची, थोडी खडूस, विनोदाला दाद न देणारी. ‘टर्फ वॉर्स’मध्ये हॅमरहेडच्या टोळीकडून तिची माणसे मारली जातात आणि तिच्यातले काहीतरी कायमचे तुटते. पुरवणी संपेपर्यंत ती कायद्याची चौकट सोडून गेलेली असते. २०२३ च्या ‘स्पायडर-मॅन २’मध्ये ती ‘रेथ’ नावाने, मुखवटा घालून, स्वतःच न्याय करताना भेटते. ज्याने फक्त दोन मुख्य गेम खेळले त्याला कॅप्टन दिसते आणि मग एकदम मुखवटा दिसतो. मधली पडझड, म्हणजे त्या पात्राची खरी कथा, पुरवणीत आहे.

१९/
मग पुरवण्या फुकट दिल्या तर? ‘मार्व्हल्स ॲव्हेंजर्स’ने २०२० मध्ये तेच केले. केट बिशप, हॉकआय, ऑगस्ट २०२१ मधील ‘वॉर फॉर वकांडा’, सारी कथा-भर विनामूल्य. कमाई पोशाखांच्या विक्रीतून करायची होती. स्पायडर-मॅन मात्र केवळ प्लेस्टेशनवर मिळाला, म्हणजे इतर यंत्रांवरील ग्राहकाने तेवढीच किंमत देऊनही एक नायक कमी. गेमचा जम बसला नाही. मार्च २०२३ मध्ये शेवटची भर पडली आणि ३० सप्टेंबर २०२३ रोजी डिजिटल विक्री बंद झाली. ज्यांनी आधी घेतला त्यांचा गेम चालू राहिला. नव्याने येणाऱ्यास वकांडाच्या त्या प्रकरणासाठी जुनी डिस्क शोधावी लागते, आणि त्या डिस्कवर वकांडा नाही. तो सर्व्हरवरून आणावा लागतो.

२०/
सुपरहिरोंच्या बाबतीत आणखी एक गुंता असतो. नायक स्टुडिओच्या मालकीचा नसतो, परवान्यावर घेतलेला असतो. परवाना संपला की विक्री संपते. ‘डेडपूल’ हा गेम जून २०१३ मध्ये आला आणि २०१४ उजाडताना डिजिटल दुकानांतून नाहीसा झाला. पुढे तो परत आणला गेला आणि पुन्हा काढला गेला. तिथे मूळ गेमचीच शाश्वती नाही. पुरवणीचे काय घेऊन बसायचे?

२१/
दुकाने स्वतःही बंद होतात. २०२१ मध्ये सोनीने प्लेस्टेशन ३ चे दुकान बंद करण्याची घोषणा केली. ग्राहकांच्या संतापामुळे ती काही आठवड्यांत मागे घ्यावी लागली. वी यूच्या दुकानातील खरेदी २७ मार्च २०२३ रोजी थांबली. एक्सबॉक्स ३६० चे दुकान २९ जुलै २०२४ रोजी बंद झाले. या तिन्ही यंत्रांवर ‘आर्कम’ मालिकेचा उमेदीचा काळ गेला होता.

२२/
पुनःप्रकाशन हा उपाय अर्धाच ठरला आहे. २०१६ च्या ‘रिटर्न टू आर्कम’मध्ये ‘असायलम’ आणि ‘सिटी’ पुरवण्यांसह आले, म्हणून हार्लीचे प्रकरण वाचले. ‘ओरिजिन्स’ त्यात नव्हता. डिसेंबर २०२३ मध्ये निंटेंडो स्विचवर ‘आर्कम ट्रिलजी’ आली, त्यातही ‘ओरिजिन्स’ नव्हता. शिवाय खोक्यातील कार्डावर फक्त ‘असायलम’ आहे. उरलेले दोन गेम डाउनलोड करावे लागतात. म्हणजे आता मूळ गेमनेही पुरवणीची वाट धरली आहे. कॅटवुमनचा कोड पाहून जे हसले होते त्यांनी हे ध्यानात घ्यावे.

२३/
संशोधकांची परिस्थिती याहून बिकट आहे. ‘व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशन’च्या २०२३ मधील पाहणीनुसार अमेरिकेत २०१० पूर्वी निघालेल्या गेमांपैकी ८७ टक्के आज विक्रीत उपलब्ध नाहीत. असे गेम ग्रंथालयांनी संशोधकांना दुरून वापरू द्यावेत, ही मागणी अमेरिकेच्या कॉपीराइट कार्यालयाने ऑक्टोबर २०२४ मध्ये फेटाळली. कॅलिफोर्नियाने मात्र एक पाऊल टाकले: १ जानेवारी २०२५ पासून डिजिटल दुकानाने ग्राहकाला स्पष्ट सांगायचे की तो वस्तू विकत घेत नसून वापराचा परवाना घेत आहे. फसवणूक त्याने कमी होईल. कथा त्याने जपली जाणार नाही.

२४/
मागणी अवाजवी नाही. शेवटची पुरवणी निघाल्यावर प्रकाशकाने एक पूर्ण आवृत्ती काढावी, जिच्यात सारी प्रकरणे डिस्कवरच असतील, कोडाच्या चिठ्ठीवर नव्हे. परवाना संपण्यापूर्वी एक प्रत एखाद्या संग्रहालयाकडे चालत्या स्थितीत सोपवावी. आगाऊ पैसे घ्यायचे तर कोणती कथा, कोणत्या यंत्रावर, केव्हा, हे लिहून द्यावे. इन्सोम्निॲकने ते करून दाखवले आहे.

२५/
तोवर तरुण अभ्यासकांनी करण्याजोगे काम साधे आहे. एखाद्या गेमविषयी लिहिताना केवळ नाव आणि साल देऊन थांबू नये. कोणते यंत्र, कोणती आवृत्ती, कोणता पॅच, कोणत्या पुरवण्या आत होत्या आणि कोणत्या नव्हत्या, हे पोथीच्या प्रतीची नोंद करावी तसे नोंदवावे. दुकान बंद होण्यापूर्वीच्या किमती आणि वर्णनांची चित्रे जपावीत. आणि ‘आर्कम ओरिजिन्स’च्या वी यू प्रतीची नोंद करताना पुरवण्यांच्या रकान्यात स्पष्ट लिहावे: कोल्ड, कोल्ड हार्ट, आगाऊ विकले, प्रसिद्ध झाले नाही.